बदकांच्या पायातला मुंबईचा पत्ता

दर वसंतात संयुक्त अरब अमिरातीच्या उत्तर भागात, हजर पर्वताच्या पायथ्याच्या झाडीत, एक लहानसा पाहुणा दाखल होतो. अंगाचा रंग राखी-तपकिरी, खांद्यावर तांबूस पट्टा आणि नराच्या गळ्याखाली लक्ष देऊन पाहिले तरच दिसेल असा पिवळा ठिपका. ही रानचिमणी हिवाळा भारतात काढते आणि विणीसाठी आखाताकडे येते. अमिरातीतली मराठी कुटुंबे उन्हाळी सुटीसाठी मायदेशाची विमाने पकडू लागतात, तेव्हा हिची पिल्ले इथे घरट्यातून डोके बाहेर काढत असतात.

याच जातीची एक चिमणी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईत एका शाळकरी मुलाच्या छर्ऱ्याच्या बंदुकीला बळी पडली. मुलाने तिच्या गळ्यावरचा पिवळा ठिपका पाहिला आणि ही नेहमीची चिमणी नव्हे हे त्याच्या ध्यानात आले. शिकारीचा शौक असलेल्या मामांनाही तिचे नाव सांगता येईना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे मानद सचिव मिलार्ड यांच्याकडे धाडले. मिलार्ड साहेबांनी पक्षी ओळखला, कपाटे उघडून पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला आणि पुढे वाचायला पुस्तकेही दिली. त्या मुलाचे नाव सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली. हा प्रसंग बहुतेकांना ठाऊक असतो. ज्या पाण्यासाठी, त्यातल्या मासळीसाठी आणि पाणपक्ष्यांसाठी सलीम अलींनी उत्तरायुष्य खर्ची घातले, ती कथा मात्र तितकी सांगितली जात नाही.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्मलेले सलीम हे भावंडांतले सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि निपुत्रिक मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरात या पोरक्या भाचरांना वाढवले. अभ्यासात सलीम यथातथाच होते. १९१३मध्ये मॅट्रिकची परीक्षा कशीबशी पार पडली. पुढे जग ज्यांना आदराने डॉक्टर म्हणू लागले त्यांच्याकडे विद्यापीठाची रीतसर पदवी नव्हती. डॉक्टरेट मिळाल्या त्या सन्मानाच्या.

नोकरी-व्यवसायासाठी परदेश गाठणाऱ्यांच्या पंक्तीत तेही एकदा बसले होते. १९१४मध्ये ते ब्रह्मदेशात, तवॉयला, घरच्या खाण आणि लाकूड व्यवसायात हातभार लावण्यासाठी गेले. खाण होती वुल्फ्रामची. भोवतालच्या जंगलात पक्षी इतके होते की धंद्याचे जे व्हायचे तेच झाले. मध्यंतरी मुंबईला परतून त्यांनी दावर महाविद्यालयात हिशेब आणि व्यापारी कायद्याचे शिक्षण घेतले, सेंट झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांच्या मार्गदर्शनाखाली प्राणिशास्त्र शिकले, आणि १९१८च्या डिसेंबरात तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ब्रह्मदेशातली दुसरी खेपही धंद्याला तारू शकली नाही. बुडीत व्यवसाय मागे ठेवून हे दांपत्य परतले तेव्हा सलीम अलींच्या हाती ना भांडवल होते ना नोकरी.

१९२६मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाच्या निसर्गविभागात मार्गदर्शक व्याख्यात्याची जागा मिळाली. दोन वर्षांतच त्यांना कळून चुकले की काचेच्या कपाटापुढे उभे राहून बोलण्याइतके ज्ञान पुरेसे नाही. अभ्यासरजा घेऊन ते बर्लिनच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात प्राध्यापक स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकायला गेले. जर्मनीतच, हेलिगोलँड बेटावरच्या केंद्रात, पक्ष्यांच्या पायात क्रमांकाची कडी घालून त्यांच्या प्रवासाचा माग कसा काढतात हे त्यांनी पाहिले. या ओळखीचे चीज व्हायला पुढे तीस वर्षे लागली. १९३०मध्ये परत येऊन पाहतात तो निधीअभावी त्यांची जागाच रद्द झालेली.

बेकारीचे ते दिवस अलिबागजवळच्या किहीममध्ये गेले. समुद्राकाठच्या त्या गावी राहणे स्वस्त होते आणि दाराजवळ सुगरणींची वसाहत होती. तासन्‌तास पाहत बसून अलींनी टिपून ठेवले की नर अर्धवट घरटे विणतो, मादी येऊन त्याची पाहणी करते, पसंत पडले तर मुक्काम करते. आणि तिने अंडी घातली की नर दुसरे घरटे विणायला घेऊन दुसऱ्या मादीची वाट पाहू लागतो. या निबंधाने पक्षिशास्त्रात त्यांचे नाव झाले. मेलेल्या पक्ष्याची कातडी मोजण्याच्या त्या काळात जिवंत पक्षी जगतो कसा, हा प्रश्न त्यांनी विचारला होता. यापुढचे त्यांचे सारे काम या प्रश्नाच्या मागोमाग गेले.

पुढची काही वर्षे हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा संस्थानांतल्या पक्ष्यांच्या पाहणीत गेली. पगार नको, फक्त प्रवासाचा आणि छावणीचा खर्च द्या, अशी त्यांची अट असे. तेहमिना प्रत्येक छावणीत सोबत असत आणि पतीच्या लेखनावर त्यांची नजर असे. १९३९च्या जुलैत एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. अली बहिणीच्या घरी वांद्र्याला राहू लागले. पुन्हा विवाह केला नाही.

पाणपक्ष्यांकडे ते खऱ्या अर्थाने वळले ते कच्छमध्ये. कच्छच्या महारावांच्या निमंत्रणावरून त्यांनी तिथली पाहणी केली आणि १९४५च्या एप्रिलमध्ये मोठ्या रणातली फ्लेमिंगोंची नगरी गाठली. क्षितिजापर्यंत चिखलाचे बुटके उंचवटे, प्रत्येक उंचवट्यावर एक घरटे. मोठे पक्षी आणि पिल्ले मिळून सुमारे पाच लाखांचा अंदाज त्यांनी बांधला. या नगरीचे मर्म तिथल्या उथळ खाऱ्या पाण्यात होते. पाणी फार चढले तर घरटी बुडतात, लवकर आटले तर कोल्ह्या-लांडग्यांना वाट मोकळी होते. दोन-चार बोटांच्या त्या फरकावर लाखो पक्ष्यांची वीण अवलंबून असते.

अमिरातीतल्या वाचकाला हे गणित परके वाटू नये. दुबईच्या खाडीच्या टोकाशी, रास अल खोरला, हिवाळ्यात मनोऱ्यांच्या पार्श्वभूमीवर शेकडो फ्लेमिंगो उभे असतात. २००७मध्ये रामसर यादीत गेलेली ती अमिरातीतली पहिली पाणथळ जागा. अबू धाबीजवळच्या अल वथबाची गोष्ट त्याहून बोलकी आहे. तिथले तळे निसर्गाने नव्हे, शहराच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याने घडवले. त्या खारट पाण्यात कोळंबीचा सूक्ष्म भाऊबंद असलेला आर्टेमिया फोफावला, त्यामागोमाग फ्लेमिंगो आले आणि १९९८मध्ये तिथे त्यांची वीण झाल्यावर तो भाग संरक्षित झाला. पक्ष्यांना पाणी कुठून आले याच्याशी कर्तव्य नसते. ते किती खोल, किती खारट आणि त्यात खायला काय, एवढेच त्यांना पाहायचे असते. इराणच्या उर्मिया सरोवरावर कडी घातलेले फ्लेमिंगो पुढे भारतातही सापडले आहेत. रण, आखात आणि इराण हे त्यांच्या लेखी एकाच घराचे दालनखंड.

स्वातंत्र्याच्या वेळी इंग्रज सदस्य मायदेशी परतू लागले आणि सोसायटी डबघाईला आली. अलींनी तिची धुरा खांद्यावर घेतली, पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मिळवली आणि संस्था तगवली. त्याच सुमारास त्यांचे लक्ष राजस्थानातल्या भरतपूरवर खिळले होते. केवलादेव घना हे अवघे २९ चौरस किलोमीटरचे पाणथळ. भरतपूरच्या राजांनी बंधाऱ्यांनी आणि पाटांनी घडवलेले. पावसाळ्यात अजान बंधाऱ्यातून पाटाचे पाणी आत सोडले की त्यासोबत माशांची असंख्य पिले येतात. त्यांच्या भरवशावर चित्रबलाक, बगळे आणि पाणकावळे बाभळींवर हजारोंनी घरटी बांधतात. एवढ्या पिल्लांना रोज किती मासळी लागत असेल याचा हिशेब अलींनी मांडला, तो कित्येक टनांवर गेला. पक्षी वाचवायचा तर मासा, मासा वाचवायचा तर पाट, असा हा धागा होता.

हीच जागा संस्थानी काळात बदकांच्या शिकारीसाठी गाजलेली. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. योगायोगाने तो अलींचा बेचाळिसावा वाढदिवस होता. अली शिकारीचे शत्रू नव्हते. अभ्यासासाठी त्यांनी स्वतःही असंख्य पक्षी टिपले होते आणि त्याबद्दल त्यांनी कधी भाबडेपणा दाखवला नाही. बंदुकीपेक्षा नांगर अधिक घातक, हे त्यांना दिसत होते. स्वातंत्र्यानंतर घना कोरडा करून शेतीला द्यावा ही मागणी जोर धरू लागली, तेव्हा ते थेट नेहरूंकडे गेले. तळे वाचले आणि १९५६मध्ये अभयारण्य झाले.

हेलिगोलँडची आठवण कामी आली ती या तळ्यावर. १९५७मध्ये कर्नाटकात क्यासनूर जंगलातला ताप प्रथम उघड झाला. माकडे मरू लागली, माणसेही. रशियातल्या एका आजाराशी या विषाणूचे साम्य दिसले आणि स्थलांतर करणारे पक्षी गोचिडांमार्फत तो आणत असावेत, अशी शंका पुढे आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सोसायटीने पक्षी पकडून कडी घालण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला. पक्ष्यांवरचा आरोप काही सिद्ध झाला नाही. पण भरतपूरला पकडलेल्या बदकांच्या पायातले, क्रमांक आणि मुंबईचा पत्ता कोरलेले कडे सोव्हिएत संघातल्या दूरच्या तळ्यांवर शिकाऱ्यांच्या हाती लागू लागले. पुढे या कामाला अमेरिकी लष्कराशी संबंधित निधी मिळाला. १९७०च्या दशकात त्यावरून जैविक युद्धाच्या संशयाचे वादळ उठले आणि प्रकरण संसदीय समितीपर्यंत पोहोचले. अलींनी कामाची निरपेक्षता ठामपणे मांडली. त्यांचा प्रामाणिकपणा वादातीत होता. पैसा कुठून येतो या प्रश्नाकडे मात्र त्यांनी जरा अधिक सावधपणे पाहायला हवे होते.

कामाचा झपाटा वयाला जुमानत नव्हता. १९५०मध्ये स्वीडनमधल्या परिषदेसाठी त्यांनी आपली सनबीम मोटारसायकल जहाजाने युरोपात नेली होती. डिलन रिप्ले यांच्यासोबत लिहिलेला भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांचा दहा खंडी ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पूर्ण झाला. तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. १९७६मध्ये पद्मविभूषण आले. गेटी पुरस्काराची रक्कम त्यांनी सोसायटीच्या निसर्गरक्षण निधीला दिली.

उत्तरायुष्यातला सर्वांत अवघड धडा पुन्हा केवलादेवनेच दिला. आजूबाजूच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या पाण्यात चरत. त्यांच्यामुळे पाणथळाची हानी होते असे अलींचे आणि अनेक तज्ज्ञांचे मत होते. चराई बंद व्हावी असा त्यांचा आग्रह होता. राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाल्यावर १९८२च्या नोव्हेंबरात बंदी आली. गावकरी विरोधात उभे राहिले, पोलिसांनी गोळी चालवली आणि माणसे दगावली. ज्यांची जनावरे या पाण्यावर जगत होती, त्यांना कोणी आधी विचारले नव्हते.

त्याआधीच, १९८०मध्ये, सोसायटीनेच घनाचा दहा वर्षांचा अभ्यास सुरू केला होता. विजयन यांच्या नेतृत्वाखालच्या चमूने पाणी, वनस्पती, मासे, पक्षी, सारे वर्षानुवर्षे मोजले. म्हशी गेल्या तसे पॅस्पॅलम जातीचे पाणगवत बेफाम माजले. मोकळे पाणी झाकले गेले, गवताच्या गादीखाली माशांची कोंडी झाली, बदकांना उतरायला जागा उरेना. ज्या जनावरांना तळ्याचे शत्रू मानले, ती अखंड चरून तळे मोकळे ठेवत होती. १९९१च्या अंतिम अहवालाचा निष्कर्ष अलींच्या सल्ल्याच्या नेमका उलट निघाला; आणि तो काढला त्यांनीच घडवलेल्या संस्थेने, मोजून पाहण्याच्या त्यांच्याच शिस्तीने.

अली तो वाचायला नव्हते. १९८५मध्ये राज्यसभेवर नियुक्ती आणि आत्मचरित्राचे प्रकाशन एकाच वर्षी झाले. २० जून १९८७ रोजी, नव्वदी ओलांडल्यावर, कर्करोगाने मुंबईत त्यांचे निधन झाले. अहवालानंतर गावकऱ्यांना उद्यानातले गवत कापून नेण्याची मुभा मिळाली. म्हशींवरची बंदी मात्र उठली नाही. दर हिवाळ्यात सायबेरियाहून घनाला येणारे पांढरे क्रौंच वर्षागणिक कमी होत गेले, आणि २००२नंतर तिथे एकही उतरलेला नाही.