चित्रकार व्हायला निघाले अन् शेतकऱ्याचा नांगर घडवून गेले : लक्ष्मणराव किर्लोस्कर

पलूस : कुंडलच्या माळावर १९१० च्या आधी निवडुंग आणि सापांशिवाय काही नव्हतं. गाडी थांबायची तेवढं कुंडल रोड नावाचं स्टेशन होतं. आज त्याच जागेला किर्लोस्करवाडी म्हणतात. ही वाडी वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचं आयुष्य सरळ रेषेत गेलंच नाही.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला झाला. शाळेच्या पुस्तकात मन रमायचं नाही. ओढ दोनच गोष्टींची, चित्रं आणि यंत्रं. चित्रकला शिकायला ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. पण काही रंग आपल्या डोळ्यांना नीट ओळखता येत नाहीत, हे तिथं कळलं. चित्रकार व्हायचं राहिलं. मग यंत्रांची रेखाटनं शिकले आणि आज व्हीजेटीआय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत तोच विषय शिकवू लागले. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावललं गेलं. नोकरी सोडून ते बेळगावला परतले.

तिथं थोरले बंधू रामूअण्णांबरोबर सायकलींचा धंदा होता. सायकल विकायची, दुरुस्त करायची, गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायची. पुढं त्यांनी कडबा कापायचं यंत्र काढलं आणि मग लोखंडी नांगर.

लाकडी नांगर माती वरवर उकरायचा. लोखंडी नांगर खोल जायचा, मातीची पलटी करायचा, हराळीची मुळी वर काढायचा. पण लोखंडानं जमिनीला विष चढतं, असा लोकांचा समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. तोवर माल पडून अन् पैसा अडकून. नांगरलेलं रान लोकांनी डोळ्यानं बघितलं, तसा समज ढिला होत गेला.

जम बसतोय तोवर बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली. कारखाना उचलून न्यायचा कुठं? औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं. त्यांनी कर्ज दिलं आणि तिथली ३२ एकर माळरानाची जमीन दिली. १० मार्च १९१० रोजी वाडीची सुरुवात झाली. सुमारे २५ कामगार बायकापोरांसह राहायला आले. लक्ष्मणरावांनी वस्तीत शिवाशीव पाळू दिली नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर विश्वास टाकून त्यांनाच राखणीला ठेवलं.

१९२० मध्ये 'किर्लोस्कर ब्रदर्स' ही कंपनी झाली. नांगर, उसाचे चरक, शेंगा फोडायचं यंत्र अशी शेतीची अवजारं वाडीतून निघू लागली. १९२६ च्या सुमारास पाण्याचा पंप आला. तोवर विहिरीवर मोट आणि बैल हाच आधार. पंपातला पंखा गरागरा फिरून पाणी बाहेर फेकतो, मागं पोकळी होते आणि खालचं पाणी वर येतं. म्हणून हवा ही पंपाची वैरी. फूट व्हॉल्व्ह गळका असला किंवा सक्शन पाइपचा जोड ढिला असला, की मोटर फिरते पण पाणी येत नाही. पाण्यापासून पंप सहा-सात मीटरपेक्षा उंच बसवला, तरी तो नीट ओढत नाही. ग्लँडमधून थेंब-थेंब पाणी गळू द्यावं. कोरडी आवळली तर शाफ्ट तापून झिजतो.

नांगरही पुढं बैलांकडून ट्रॅक्टरकडं गेला. आज पलटी नांगर तेलाच्या जॅकवर उलटतो, उसाच्या पट्ट्यात ट्रॉलीही जॅकवरच उचलते. पंपात पाणी तसं जॅकमध्ये तेल, आणि वैरी तीच, हवा. जॅक झटके देत उचलत असेल तर आधी तेलाची पातळी आणि पाइपचे जोड बघावेत. उचललेली ट्रॉली आपोआप खाली बसत असेल, तर सील किंवा व्हॉल्व्ह गेलेला असतो. दांडीवर चिखल वाळू देऊ नये, तो सील खातो. अन् उचललेल्या ट्रॉलीखाली शिरायचं झालं, तर भक्कम टेकू लावल्याशिवाय अजिबात शिरू नये. नुसत्या तेलाच्या भरवशावर जीव टांगू नये.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव १९२६ मध्ये अमेरिकेत इंजिनिअरिंगची पदवी घेऊन पुढं याच धंद्यात उतरले. त्यांच्या काळात १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनांची कंपनी निघाली. वीज न पोचलेल्या कितीतरी विहिरींवर ही इंजिनं धडधडली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं. १९६९ मध्ये, जन्मशताब्दीला, सरकारनं त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. डोळा, बढती आणि जागा, तिन्ही ठिकाणी त्यांची वाट अडली. प्रत्येक वेळी ते दुसऱ्या कामाला लागले. किर्लोस्करवाडीत पंप आजही तयार होतात.