विद्येसाठी घर सोडलेला माणूस : धर्मानंद कोसंबी

शिक्षणासाठी परदेशी जाणे ही आज आपल्या घरांतून नवलाची गोष्ट राहिलेली नाही. कुणाचा मुलगा फ्रान्सला, कुणाची मुलगी इंग्लंडला, कुणी भारतात. जाताना तिकीट हाती असते, राहण्याची जागा ठरलेली असते आणि पोचल्याचे घरी त्याच दिवशी कळते. अशा वेळी आम्हांला एका विद्यार्थ्याची आठवण होते. त्याच्याजवळ पैसा नव्हता, पदवी नव्हती, इंग्रजीही येत नव्हते. जी विद्या शिकायची ती कुठे मिळते हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हते. तरी तो निघाला. पाली भाषेचे थोर पंडित धर्मानंद कोसंबी ते हेच.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ या गावी झाला. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. शाळेचे शिक्षण बेताचेच झाले आणि मुलाच्या वाट्याला घरच्या माडांची देखरेख आली. १८९१ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, बाळाबाईंशी त्यांचे लग्न झाले. चारचौघांसारखा संसार पुढे सरकायचा, पण या तरुणाला वाचनाचे वेड होते. मराठी पुस्तके, मासिके मिळतील तिथून आणून तो वाचीत असे. १८९७ साली 'बालबोध' या मुलांच्या मराठी मासिकात त्याने बुद्धाचे लहानसे चरित्र वाचले आणि त्याचे मन तिथेच जडले. बुद्धाने काय शिकवले ते मुळातून समजून घ्यायचे, असे त्याने ठरवले. लहान मुलांसाठी छापलेल्या चार पानांनी एका माणसाचे आयुष्य बदलले.

१८९८ साली वडील वारले. पुढच्या वर्षी मुलगी झाली, तिचे नाव माणिक. ती अजून तान्ही असतानाच, १८९९ च्या अखेरीस, धर्मानंदांनी घर सोडले.

प्रथम ते पुण्याला गेले. तिथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे मार्गदर्शन मिळाले. पण संस्कृतचा पाया पक्का झाल्याशिवाय पुढे जाता येणार नव्हते. म्हणून उत्तरेकडे प्रवास करीत ते काशीला पोचले. काशीत गरीब विद्यार्थ्याला अन्नछत्राचा आधार असे. धर्मानंद अन्नछत्रात जेवून शास्त्र्यांच्या घरी पाठ घेऊ लागले. बुद्धाचा धर्म नेपाळात जिवंत आहे असे त्यांनी ऐकले होते. १९०२ साली एका नेपाळी स्नेह्याबरोबर ते तिकडे गेले. तिथे जे दिसले त्याने त्यांची फार निराशा झाली. ज्या विद्येसाठी एवढी वणवण केली ती तिथे नव्हती.

मन खचावे असाच हा प्रसंग होता. पण तिथून ते बुद्धगयेला आले आणि तिथे त्यांना वाट सापडली. त्रिपिटक शिकायचे असेल तर सिंहलद्वीपाला जा, असे एका भिक्षूने सुचवले. कलकत्त्याला महाबोधी सभेची मदत मिळाली आणि त्याच वर्षी धर्मानंद कोलंबोला उतरले. घर सोडून दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता. खऱ्या शिक्षणाला आत्ता कुठे आरंभ होणार होता!

कोलंबोचे विद्योदय विद्यालय १८७३ साली स्थापन झालेले आणि नावाजलेले होते. त्याचे प्रमुख सुमंगलाचार्य हे मोठे विद्वान स्थविर होते. त्यांच्याजवळ धर्मानंदांनी श्रामणेराची दीक्षा घेतली. मुंडन झाले, पिवळे चीवर आले आणि दुपारनंतर अन्न न घेण्याचा नियम आला.

पालीला स्वतःची अशी लिपी नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सिंहलद्वीपात ती सिंहली अक्षरांत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या अक्षरांत, सयामात तिकडच्या अक्षरांत. भाषा एक, पण ग्रंथ उघडायचा तर देशोदेशीची अक्षरे शिकायला हवीत. पंचविशी ओलांडलेल्या धर्मानंदांनी पुन्हा मुलासारखी मुळाक्षरे गिरवली. संस्कृत येत असल्यामुळे पाली लवकर हाती आली, पण शरीर साथ देईना. तिथले अन्न मानवेना आणि प्रकृती बिघडली. अखेर ते मद्रासला आले आणि तिथून ब्रह्मदेशाला गेले.

ब्रह्मदेशात नवे लोक, नवी बोली, नवी लिपी. तिथे त्यांनी ग्रंथांबरोबर ध्यानाचाही अभ्यास केला. एका जर्मन भिक्षूच्या सोबतीने ते सगाइंगच्या डोंगरात राहिले. कुठे जर्मनी आणि कुठे सांखवाळ! दोघांना एकाच विद्येने तिसऱ्याच देशात एकत्र आणले होते. मध्यंतरी भारतात येऊन त्यांनी कुशिनारा, कपिलवस्तू, लुंबिनी ही बुद्धाच्या आयुष्यातील स्थळे पाहिली. त्यातला बराच प्रवास पायी झाला.

१९०६ साली ते कलकत्त्याला आले आणि शिकणारा शिकवणारा झाला. भिक्षूचे वस्त्र उतरवून त्यांनी पाली शिकवायला सुरुवात केली. त्याच वर्षी ते गोव्याला गेले आणि पत्नीला व मुलीला भेटले. तान्ही सोडून गेलेली माणिक आता सात वर्षांची झाली होती.

या चरित्रातील सर्वांत अवघड पान हेच, असे आम्हांला वाटते. ज्ञानाची ओढ थोर खरी, पण तिचे मोल एकट्या धर्मानंदांनी दिले नाही. बाळाबाईंनीही दिले. त्यांनी सात वर्षे वाट पाहिली आणि त्यांच्या या तपाला ना विद्यालय होते ना दीक्षा. धर्मानंदांनी 'निवेदन' या आत्मचरित्रात घर सोडल्याची हकिगत लपवलेली नाही. थोर माणसाची चूक झाकून त्याची पूजा करण्यापेक्षा ती समजून घेणे बरे. घरातला एक शिकायला जातो तेव्हा मागे राहिलेले त्या शिक्षणाचा अर्धा भार उचलतात, हे आपणही पाहतो.

घेतलेली विद्या मात्र त्यांनी स्वतःपाशी ठेवली नाही. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दरमहा ५० रुपये देऊ केले आणि महाराष्ट्रात राहून काम करावे अशी इच्छा दर्शवली. धर्मानंदांनी कलकत्त्याची नोकरी सोडली आणि ते स्वीकारले. १९१० साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे बोलावणे आले. हेन्री क्लार्क वॉरन या पंडिताने 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाचे संपादन हाती घेतले होते. ते पुरे होण्याआधीच १८९९ साली तो वारला होता. ते काम आता धर्मानंदांकडे आले. पण कामाच्या श्रेयावरून तिथल्या प्राध्यापकांशी मतभेद झाला आणि १९१२ साली ते परतले. त्यानंतर सहा वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. पुढे पालीचे विद्वान म्हणून नाव मिळवलेले पु. वि. बापट हे त्यांचेच विद्यार्थी.

१९१८ साली ते पुन्हा हार्वर्डला निघाले, तेव्हा माणिक आणि दामोदर ही दोन्ही मुले बरोबर होती. एकदा मुलीला मागे ठेवून गेलेला बाप या वेळी तिला शिकवण्यासाठी समुद्रापार नेत होता. दामोदर पुढे हार्वर्डचे पदवीधर झाले आणि गणिती व इतिहासकार म्हणून जगाला माहीत झाले.

१९४० साली धर्मानंदांनी 'विसुद्धिमग्ग' देवनागरीत छापून आणला. परक्या अक्षरांत शिकलेली विद्या आपल्या अक्षरांत आली. हार्वर्डची आवृत्ती १९५० साली निघाली, पण ती पाहायला ते नव्हते. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांनी देह ठेवला होता. बुद्धाविषयी त्यांनी मराठीत लिहिलेली पुस्तके मात्र मराठी वाचकांना कायमची मिळाली.

वाचकहो, आपले पूर्वज त्याच कोकणपट्टीतून समुद्र ओलांडून या बेटावर आले, ते पोटासाठी. धर्मानंद निघाले ते विद्येसाठी. दोघांच्याही हाती परतीची खात्री नव्हती. आज आपली मुले शिकायला निघतात तेव्हा त्यांच्या सामानात सगळे काही असते. त्यांना एवढेच सांगावे, की जे शिकाल ते आपल्या माणसांपर्यंत, आपल्या भाषेत पोचवा, आणि घरी वाट पाहणाऱ्यांना विसरू नका. धर्मानंदांच्या आयुष्यातून या दोन्ही गोष्टी शिकता येतात. पहिली त्यांनी साधली म्हणून, आणि दुसरी त्यांना उशिरा साधली म्हणून.