तुकोबारायांचं दिवाळं आणि देवाकडचा हिशोब



आपल्या दिंडीला शंभर वर्षं पुरी झाली म्हणून हे पुस्तक निघत आहे, आणि त्यात मी तुकोबारायांच्या चरित्रावर लिहावं असा मंडळींनी हट्ट धरला. माझी शाळा चौथीपर्यंतची. पुढचं शिक्षण बैलाच्या मागं आणि वीणेच्या शेजारी झालं. तेव्हा लिहिण्यात चूकभूल झाली तर संतसज्जनांनी पोटात घालावी.

चरित्र आपल्या सगळ्यांना पाठ आहे. मग मी पुन्हा का सांगतो, त्याला कारण आहे. तीन वर्षांमागं एका गावी दशक्रियेचं कीर्तन होतं. घरातला कर्ता पोरगा गेला होता. मी रीतीप्रमाणे बोललो की देव करतो ते बऱ्यासाठी, आणि तुकोबांचा दाखला दिला की त्यांनी दिवाळं निघालं त्यालाही बरंच म्हटलं. कीर्तन झाल्यावर त्या पोराची आई माझ्यापाशी आली. रडली नाही. एवढंच विचारलं की बुवा, पीक आलं तर देवानं दिलं म्हणता, मग माझा पोरगा कुणी नेला? चांगलं त्याचं तर वाईटबी त्याचंच का नाही? आणि वाईटबी त्याचंच असंल तर मी त्याच्या पाया का पडू? मला उत्तर आलं नाही. बुक्का लावून मी निघालो. तेव्हापासून तुकोबारायांचं चरित्र मी त्या बाईला डोळ्यापुढं ठेवूनच वाचतो.

महाराजांचा जन्म देहूचा, शके १५३० म्हणजे इसवी सन १६०८ चा धरतात. कोणी त्याच्या आधीचाही सांगतात. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरले बंधू सावजी, धाकटे कान्होबा. जातीने कुणबी, आणि घरात वाण्याचा धंदा, सावकारी, बाजारपेठेची महाजनकी. मूळ पुरुष विश्वंभरबाबा, त्यांच्यापासून घरात पंढरीची वारी आणि देहूला विठ्ठलाचं देऊळ. म्हणजे तुकोबा गरिबाघरचे नव्हेत हे आधी ध्यानात घ्या. चित्रात फाटकं उपरणं बघून आपल्याला वाटतं की जन्मापासून तसेच. तसं नाही. शेत होतं, गुरं होती, दुकान होतं, लोकांकडे येणं होतं. थोरल्या भावाचं मन संसारात नव्हतं, म्हणून लहान वयातच तुकोबांनी गादीवर बसून हिशोब सांभाळला. आपण पैसा मोजत बसलेले तुकोबा कीर्तनात कधी दाखवत नाही, पण होते ते तसे.

लग्नं दोन. पहिल्या रखुमाई, त्यांना दम्याचा आजार. म्हणून दुसऱ्या जिजाई केल्या, पुण्याच्या गुळव्यांची लेक. आपण त्यांना आवली म्हणतो.

मग सतराव्या-अठराव्या वर्षापासून एकेक कोसळत गेलं. आईवडील गेले. थोरल्या भावजय गेल्या आणि सावजी घर सोडून तीर्थयात्रेला निघून गेले. आणि त्यावर आला तो दुष्काळ, १६३० च्या सुमाराचा. हा नुसता आपल्या मावळातला नव्हता. दख्खन आणि गुजरात सगळा होरपळला, दिल्लीच्या बादशहाच्या दरबारी इतिहासातही तो लिहून ठेवला आहे. महाराज तेव्हा एकवीस-बावीस वर्षांचे.

दुष्काळ म्हणजे काय हे मी थोडं पाहिलंय. बहात्तरच्या दुष्काळात मी मिसरूड फुटलेला पोरगा होतो. बंडिंगच्या कामावर आईबरोबर खडी फोडली, मिलोची लाल भाकरी खाल्ली, सुकडीसाठी रांगेत उभा राहिलो. पण आम्हाला निदान सरकारनं काम तरी दिलं, बाहेरनं धान्य आलं. तुकोबांच्या काळी कोण देणार? गुरं मेली, दुकान बसलं, बाजारातली पत गेली. आणि रखुमाई अन्नावाचून गेल्या. थोरला मुलगा संतू गेला. एवढ्या मोठ्या महाजनाच्या घरात बायको अन्न अन्न करीत मेली, ही गोष्ट महाराजांनी स्वतःच्या अभंगात सांगून ठेवली आहे, आणि तिथं ते लाज वाटल्याचं सांगतात. देवाचा राग आला असं म्हणत नाहीत, नशिबाला दोष देत नाहीत. लाज वाटली. मी हा अभंग कितीदा म्हटला असेल, पण त्या लाजेपाशी कधी थांबलो नव्हतो. लाज कशाची? माझ्या अल्पमतीला वाटतं ते असं. पाऊस पडला नाही ह्याची लाज माणसाला वाटायचं कारण नाही. पण माणूस अन्नाविना मरतो त्यात नुसता पाऊस नसतो. भाव असतो, कोठार असतं, उधारी असते. तुकोबा स्वतः त्या व्यवहारातले होते. त्यांना आतली गोम माहीत होती.

ह्यानंतर त्यांनी काय केलं? भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले, हे सगळे सांगतात. तिथं साक्षात्कार झाला, हेही खरं. पण त्यानंतरची गोष्ट मला फार मोठी वाटते. कान्होबा शोधत आले आणि घरी चला म्हणाले. तेव्हा लोकांकडच्या येण्याचे सगळे कागद महाराजांनी आणवले, दोन वाटे केले, कान्होबाचा अर्धा त्याच्या हाती दिला आणि आपला अर्धा वाटा इंद्रायणीत सोडला. म्हणजे दुष्काळात ज्यांनी ज्यांनी कर्ज काढलं होतं, त्यांची मान मोकळी केली. भावाच्या वाट्याला हात लावला नाही हेही बघा. दुसऱ्याच्या पैशावर आपण दानशूर होणं त्यांना पटणारं नव्हतं.

बहात्तरच्या साली आमच्या घराण्यानंही एका दुकानदाराकडे दोन पोती जोंधळ्यावर अंगठा उठवला होता. ते फेडता फेडता माझ्या वडिलांची आठ वर्षं गेली. तो माणूस दर एकादशीला देवळात यायचा आणि दुष्काळ ही देवाची करणी म्हणून सांगायचा. मला त्यावेळी पटायचं सुद्धा. आता वाटतं, दुष्काळ देवाचा असेल, पण वही त्याची होती.

तुकोबांनी देवाला नावं ठेवली नाहीत असं मात्र समजू नका. भरपूर ठेवली. त्यांच्या गाथेत साडेचार हजारांवर अभंग, त्यातले कितीतरी नुसते देवाशी भांडणाचे. तू निष्ठुर, तू ऋण बुडवणारा, तुझ्या नावाला बट्टा लागला, अशा भावाचं इतकं स्पष्ट बोलतात की नव्या माणसाला धसका बसावा. म्हणजे देवाला जबाबदार धरायची त्यांना भीती नव्हती. पण कशासाठी जबाबदार धरतात ते बघितलं पाहिजे. माझं दुकान का बुडवलं, माझी बायको का नेली, असा त्यांचा दावा नाही. तू मला भेटत का नाहीस, मी तुझ्यावर भार टाकला तर तू उचलत का नाहीस, हा दावा आहे. आणि ते जे दिवाळ्याबद्दल बरं झालं म्हणतात, त्याचा भाव असा की संसाराचे सगळे टेकू गेले म्हणून मी तुझ्यापाशी आलो. हे त्यांनी स्वतःच्या दुःखाविषयी म्हटलं, आणि दुःख पार करून पलीकडे गेल्यावर म्हटलं. शेजाऱ्याच्या घरात मयत असताना दारात उभं राहून म्हटलं नाही. शेजाऱ्यासाठी त्यांनी कागद बुडवले. माझी चूक इथं झाली होती. महाराजांनी स्वतःच्या जखमेला लावलेलं औषध मी त्या बाईच्या जखमेवर ओतलं.

आता जिजाईंचं. कीर्तनात आम्ही त्यांना कजाग म्हणून उभं करतो, लोक हसतात. ऊस वाटून एकच घरी आणला म्हणून तो नवऱ्याच्या पाठीवर मोडला, ही गोष्ट सांगितली की मंडप हसतो. पण त्या माऊलीचं बघा. पोरं काशी, भागीरथी, गंगा, महादेव, विठोबा. घरात दाणा नाही. आणि नवरा भंडाऱ्यावर भजनात. ती रोज भाकरी घेऊन डोंगर चढायची आणि चढता चढता त्या काळ्या विठोबाला शिव्या द्यायची, की ह्यानंच माझं घर बुडवलं. तिच्या लेखी वाईट सगळं देवाचंच होतं, यात शंका नाही. मग एक दिवस उन्हात पायात काटा रुतला, आरपार गेला. ती तिथंच बसली. तेव्हा ज्याला शिव्या देत होती तोच विठ्ठल आला आणि त्यानं तिचा पाय हातात घेऊन काटा काढला. परंपरेत ही कथा अशीच आली आहे. हसवायचं सोडून कधी नुसती सांगून बघा. देव म्हणाला नाही की आधी शिव्या मागं घे. काटा माझ्या इच्छेनं रुतला की तुझ्या प्रारब्धानं, असं प्रवचनही केलं नाही. काटा काढला.

माघ शुद्ध दशमीला गुरुवारी बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात येऊन मंत्र दिला. आणि नामदेवराय पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले नि अभंग रचायला सांगितलं. तिथून अभंगाची गंगा सुरू झाली. चाकणचे संताजी जगनाडे आणि कडूसचे गंगारामबुवा मवाळ टाळ घेऊन मागं उभे राहत आणि उतरून घेत.

मग माणसांनी दिलेला त्रास. देहूतच मंबाजी गोसावी, त्यानं काटेरी फांद्यांनी महाराजांना मारलं. रात्री तो कीर्तनाला आला नाही म्हणून महाराज त्याच्या घरी गेले आणि मारून हात दुखले असतील म्हणून त्याचे हातपाय दाबले. आम्ही सांगतो की मंबाजीतही देव आहे म्हणून महाराज गेले. बरोबर. पण त्यानं मारलं ते देवानं मारलं असं महाराज समजले असते तर मंबाजीची समजूत काढायला जायची गरजच नव्हती. मार मंबाजीचा होता म्हणून तर मंबाजीपाशी गेले.

वाघोलीच्या रामेश्वरभटांनी कुणब्यानं वेदाचा अर्थ बोलू नये म्हणून अभंग बुडवायला लावले. महाराजांनी सगळ्या वह्यांना दगड बांधून इंद्रायणीत सोडल्या. पहिल्यांदा कर्जाचे कागद बुडवले ते स्वतःहून, आता वह्या बुडाल्या त्या दुसऱ्याच्या हुकमानं. नदी तीच. पहिल्या वेळी ते घरी गेले आणि कामाला लागले. ह्या वेळी मात्र शिळेवर बसले, तेरा दिवस अन्न नाही, पाणी नाही. कारण अभंग देवाच्या आज्ञेनं लिहिले होते, तेव्हा जबाबदारी देवाची. इथं त्यांनी देवाला पक्कं धरलं, सोडलंच नाही. तेराव्या दिवशी वह्या कोरड्या वर आल्या. शिकलेली माणसं म्हणतात की लोकांच्या मुखात अभंग होते म्हणून तरले. मी दोन्हीला मान डोलावतो. लोकांच्या मुखात ठेवणारा तरी कोण?

तिकडे रामेश्वरभटांच्या अंगाचा दाह होऊ लागला, अनगडशहा फकिराचा शाप लागला असं चरित्रात आहे. महाराजांना शत्रूला शिक्षा झाली म्हणून आनंद व्हायला हवा होता. त्यांनी अभंग पाठवून दाह शांत केला. पुढं तेच रामेश्वरभट शिष्य झाले, आणि कीर्तनानंतर आपण तुकोबारायांची जी आरती म्हणतो ती त्यांनीच केलेली.

शिवछत्रपतींनी नजराणा पाठवला, तो परत केला, हे सर्वांना ठाऊक आहे. मी लांबवत नाही.

फाल्गुन वद्य द्वितीया, शके १५७१, इसवी सन १६५०. महाराज वैकुंठाला गेले. वय बेचाळीसच्या आसपास, म्हणजे आजच्या हिशोबानं तरणेच. जिजाई तेव्हा पोटुशी होत्या. मागून नारायण महाराज जन्मले. बापाचं तोंड न पाहिलेल्या त्या मुलानंच १६८५ साली पादुका पालखीत ठेवून सोहळा सुरू केला, आणि त्याच पालखीमागं आपली दिंडी शंभर वर्षं चालते आहे. जिजाईंनी त्या दिवशी देवाला काय म्हटलं असेल, हे कुठं लिहिलेलं नाही.

मागल्या वर्षी त्या गावावरून जाताना मी त्या माऊलीच्या घरी थांबलो. दाखले दिले नाहीत. त्या दिवशी मी बोललो ते चुकलं, एवढं सांगितलं. तिनं पाण्याचा तांब्या दिला. पोरानं काढलेल्या विहिरीचं कर्ज अजून फिटलेलं नाही असं ती बोलली. दिंडीतल्या चार मंडळींशी मी बोललो आहे, काय जमतं ते बघतोय. तिनं यंदा वारीला येईन असं कबूल केलेलं नाही. देवळात जाते का हे मीही विचारलं नाही. पण पालखी यवतच्या मुक्कामाला कधी असते, एवढं तिनं विचारून घेतलं.