हल हाऊसच्या अ‍ॅडम्सबाई

अमेरिकेतील शिकागो शहरी, हॅल्स्टेड रस्त्यावरच्या एका जुन्या वाड्यात १८८९ सालच्या सप्टेंबरात दोन तरुण स्त्रिया राहावयास आल्या. एक जेन अ‍ॅडम्स आणि दुसरी त्यांची मैत्रीण एलन स्टार. भोवती सारी वस्ती पोटासाठी दूरदेशांहून आलेल्या मजुरांची. वाड्याचे नाव हल हाऊस.

अ‍ॅडम्सबाई खाऊनपिऊन सुखी घरच्या. जन्म १८६० चा, इलिनॉय राज्यातील सीडरव्हिल गावचा. त्या दोन वर्षांच्या असतानाच आई गेली. वडील गिरणीवाले, विधिमंडळाचे सभासद आणि लिंकन यांचे स्नेही. शिक्षण पुरे झाले त्याच वर्षी तेही वारले. मग कित्येक वर्षे बाईंना आयुष्याचे काय करावे ते उमजेना. लंडनच्या गरीब वस्तीतील टॉयन्बी हॉल ही संस्था पाहिली, तेव्हा वाट सापडली.

हल हाऊसमध्ये प्रथम बालवर्ग निघाला, मग बरेच काही. पण आपल्या मंडळाच्या भगिनींनी तेथील महिला मंडळाची हकीकत मुद्दाम वाचावी. गल्लीबोळांत कचरा कुजे, मुले दगावत. मंडळाच्या बायका घरचे आवरून संध्याकाळी बोळ तपासू लागल्या आणि दोन महिन्यांत हजारावर तक्रारी आरोग्य खात्याकडे धाडल्या! पुढे १८९५ साली बाईंची स्वतःचीच कचरा-निरीक्षक म्हणून नेमणूक झाली. भल्या पहाटे उठून त्या गाड्यांमागे हिंडत. एका अरुंद रस्त्यावर तर दीड फूट घाणीखाली फरसबंदी सापडली. ज्या बाईला मताचा अधिकार नव्हता, तिने ही फरसबंदी उजेडात आणली.

बालमजुरीला आळा घालणारा इलिनॉयचा १८९३ चा कायदा आणि शिकागोचे १८९९ चे बालन्यायालय, या दोहोंमागे हल हाऊसच्या स्त्रियांचे कष्ट होते.

आता बंदुकीची गोष्ट. १९०९ च्या आपल्या एका पुस्तकात बाईंनी तीन मुलांची हकीकत दिली आहे. सर्वांत मोठा तेरा वर्षांचा. वाटमारीचा खेळ पाहून त्यांनी पहाटे येणाऱ्या गवळ्याला लुटून ठार मारण्याचा बेत केला, पैसे साठवून पिस्तूल विकत घेतले आणि खरोखरच गोळी झाडली. घोडा बुजला म्हणून गवळी वाचला. पोरांना पिस्तूल विकत मिळते, हे वाचून आजही अंगावर काटा येतो. बाईंनी मात्र मुलांना दोष दिला नाही. ज्या शहराने मुलांना खेळायला जागा दिली नाही आणि त्यांची करमणूक पैसेकाढूंच्या हाती सोपवली, त्या शहराला दिला.

हाच विचार पुढे राष्ट्रांपर्यंत गेला. १९१५ साली, महायुद्ध पेटलेले असताना, हेग येथे बारा देशांच्या हजारावर स्त्रिया जमल्या. अध्यक्षस्थानी अ‍ॅडम्सबाई. शस्त्रांच्या कारखान्यांतील खाजगी नफा हा शांततेच्या वाटेतील मोठा अडसर आहे, तेव्हा ते कारखाने सरकारांनी ताब्यात घ्यावेत आणि शस्त्रांच्या परदेशी व्यापारावर नियंत्रण ठेवावे, असा ठराव त्यांनी केला. नंतर बाई लढणाऱ्या देशांच्या राजधान्यांत जाऊन मंत्र्यांना भेटल्या.

घरी परतल्यावर कौतुक झाले नाही. संगिनींचा हल्ला करण्यापूर्वी सैनिकांना मादक पेय पाजतात, असे त्या एका सभेत बोलल्या आणि वर्तमानपत्रांनी त्यांना अक्षरशः सोलून काढले. कालपर्यंत ज्यांना शहर पूजत होते, त्यांची देशद्रोही म्हणून निंदा झाली. बाईंनी भूमिका बदलली नाही. १९१९ मध्ये स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय शांतता संघटनेच्या त्या अध्यक्षा झाल्या. १९२३ च्या जगप्रवासात त्या भारतातही येऊन गेल्या. गांधीजी तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात होते.

१९३१ चे नोबेल शांतता पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. आपल्या वाट्याची रक्कम त्यांनी संघटनेला दिली. २१ मे १९३५ रोजी शिकागोत त्यांचे निधन झाले. सीडरव्हिलच्या त्यांच्या समाधीच्या दगडावर नोबेलचा उल्लेख नाही. बाईंच्या नावाखाली हल हाऊस आणि ती संघटना, एवढी दोनच नावे आहेत.