चांदसैली घाट बंद झाला तर धडगावला जायचं कसं? या गणिताच्या मुळाशी आहेत रिचर्ड बेलमन

नंदुरबार जिल्ह्यात तळोद्याहून धडगावला जायचं तर चांदसैली घाट लागतो. पावसाळ्यात दरड कोसळली की घाट बंद आणि मग शहादा, म्हसावदकडून वळसा. जवळचा रस्ता कोणता आणि तो तुटला तर काय, हाच प्रश्न टॉवरशिवाय एकमेकांशी बोलणाऱ्या वायरलेस उपकरणांना सतत पडतो. अशा जाळ्याला ॲड हॉक नेटवर्क म्हणतात.

या प्रश्नाचं गणित मांडणाऱ्यांपैकी एक होते रिचर्ड बेलमन.

जन्म ऑगस्ट १९२०, न्यूयॉर्क. महायुद्धाच्या काळात लॉस अलामोसमध्ये काम, १९४६ मध्ये प्रिन्स्टनमधून पीएचडी. पुढं रँड कॉर्पोरेशनमध्ये त्यांनी मोठ्या प्रश्नाचे छोटे तुकडे करून तो सोडवायची पद्धत काढली. तिला नाव दिलं डायनॅमिक प्रोग्रॅमिंग. बेलमन यांनीच सांगितलेला किस्सा असा की, तेव्हाच्या अमेरिकी संरक्षणमंत्र्यांना संशोधन हा शब्दच खपायचा नाही. म्हणून कुणालाच आक्षेप घेता येणार नाही असं भारदस्त नाव त्यांनी शोधलं.

१९५८ मध्ये त्यांनी रस्त्यांच्या प्रश्नावर शोधनिबंध लिहिला. लेस्टर फोर्ड यांनी १९५६ मध्ये असाच विचार मांडला होता, म्हणून पद्धतीचं नाव पडलं बेलमन-फोर्ड. यात कुणाकडेच पूर्ण नकाशा लागत नाही. प्रत्येक शेजाऱ्याला विचारायचं, तुझ्यापासून ते ठिकाण किती लांब? त्यात शेजाऱ्यापर्यंतचं अंतर मिळवायचं आणि सगळ्यात लहान बेरीज निवडायची. इंटरनेटचा पूर्वज असलेलं अर्पानेट सुरुवातीला याच पद्धतीवर चाललं.

१९७३ मध्ये बेलमन यांच्या मेंदूतल्या गाठीवर शस्त्रक्रिया झाली. त्यातल्या गुंतागुंतीमुळं त्यांना मोठं अपंगत्व आलं, तरी काम थांबलं नाही. १९७९ मध्ये त्यांना आयईईईचं मेडल ऑफ ऑनर मिळालं. १९ मार्च १९८४ ला ते गेले.

पण पद्धतीत एक खोट होती. समजा, चांदसैली आणि धडगावमधला दुवा तुटला. चांदसैलीला ते कळलं, पण तळोदा जुन्या माहितीवर सांगतोय की धडगावचा रस्ता माझ्याकडं आहे. तो रस्ता चांदसैलीतूनच जातो, हे चांदसैलीला माहीत नाही. मग पॅकेट दोघांमध्येच फिरत राहतं आणि शेवटी टाकून दिलं जातं.

१९९४ मध्ये चार्ल्स पर्किन्स आणि प्रवीण भागवत यांनी डीएसडीव्ही या पद्धतीत यावर उपाय दिला. मुक्कामाच्या ठिकाणानं प्रत्येक बातमीला क्रमांक द्यायचा आणि ज्या बातमीचा क्रमांक मोठा, तीच ताजी मानायची.

इंजिनिअरिंगची मुलं आज हेच संगणकावर सिम्युलेशन करून बघतात. पॅकेट हरवायला लागली की अनेकजण लगेच आकडे बदलत बसतात. त्याआधी नोंदवहीसारखी असणारी ट्रेस फाइल उघडा आणि पॅकेट कशानं पडलं ते बघा. रस्ताच नव्हता, रांग भरली होती, दोन सिग्नल एकमेकांवर आदळले, की पॅकेट गोल फिरत राहिलं? प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. रांग भरली असेल तर नवा रस्ता शोधून उपयोग नाही, आणि रस्ताच तुटला असेल तर रांग वाढवून उपयोग नाही.