चांगलं चाललेलं 'मॅड' सोडलं, कारण त्याला मोठ्यांसाठी कॉमिक मासिक काढायचं होतं

कॉमिक म्हटलं की आपल्याला आठवतं ते चाचा चौधरी, अमर चित्र कथा आणि उन्हाळ्याची सुट्टी. म्हणजे कॉमिक हे पोरासोरांचं, असं आपण धरूनच चालतो.

१९५० च्या आसपास अमेरिकेतही हेच चित्र होतं. दहा सेंटला मिळणारी, स्वस्त कागदावर छापलेली कॉमिक्स पोरं वाचायची आणि फेकून द्यायची. ती काढणाऱ्या चित्रकारांना ना मान होता, ना हक्काचे पैसे.

हे बदलायचं म्हणून एक माणूस आयुष्यभर धडपडला. त्याचं नाव हार्वी कुर्ट्झमन.

३ ऑक्टोबर १९२४ ला न्यूयॉर्कमध्ये त्याचा जन्म झाला. तो लहान असतानाच वडील गेले. चित्रकलेचं वेड पक्कं होतं. मॅनहॅटनमध्ये संगीत आणि कला शिकवणारं एक हायस्कूल होतं, तिथं त्याला प्रवेश मिळाला. विल एल्डर, अल जॅफी ही पुढं गाजलेली मंडळी याच शाळेतली.

दुसरं महायुद्ध संपल्यावर त्यानं मित्रांसोबत एक छोटा स्टुडिओ थाटला. तिथं एक फ्रेंच पोरगाही काम करायचा, रेने गोसिनी. हाच गोसिनी पुढं 'ॲस्टेरिक्स'चा लेखक झाला.

पुढं कुर्ट्झमन बिल गेन्स यांच्या 'ईसी कॉमिक्स'मध्ये दाखल झाला. त्याच्याकडं युद्धकथा आल्या. त्या काळात युद्धाचं कॉमिक म्हणजे आपला हिरो शूर आणि शत्रू राक्षस. कुर्ट्झमननं मात्र युद्धात मरणारी माणसं दाखवली. एकेका गोष्टीसाठी तो कितीतरी दिवस लायब्ररीत घालवायचा. कामाचा दर्जा वाढला, पण अंक कमी निघाले आणि त्यामुळं कमाईही कमी झाली.

मग गेन्स यांनी मार्ग काढला. विनोदी कॉमिकला एवढा अभ्यास लागणार नाही, तेव्हा एक विनोदी कॉमिक काढावं असं ठरलं. १९५२ मध्ये 'मॅड' आलं. चौथ्या अंकात सुपरमॅनची टर उडवली आणि गाडी सुसाट सुटली.

पण १९५४ मध्ये अमेरिकेत कॉमिक्सवर संक्रांत आली.

कॉमिक्स वाचून पोरं बिघडतात, असा गदारोळ उठला. सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या. प्रकाशकांनी मिळून आचारसंहिता केली. तिचा शिक्का मुखपृष्ठावर नसेल तर वितरक अंक उचलायला तयार नसायचे. गेन्स यांची जवळपास सगळी कॉमिक्स बंद पडली.

त्याच सुमारास कुर्ट्झमनला दुसऱ्या एका मासिकाकडून नोकरी चालून आली. त्याला थांबवायला गेन्स यांनी त्याची जुनी इच्छा पुरी केली. १९५५ मध्ये 'मॅड' कॉमिकचं मासिक झालं. आकार मोठा, किंमत २५ सेंट. मासिकांना ती आचारसंहिता लागू नव्हती, त्यामुळं 'मॅड' वाचलं.

आता गेन्स यांचा सगळा संसार 'मॅड'वर होता आणि 'मॅड' कुर्ट्झमनच्या डोक्यातून निघत होतं. पण मालकीत त्याचा वाटा शून्य. १९५६ मध्ये त्यानं थेट ५१ टक्के हिस्सा मागितला. गेन्स यांनी नकार दिला आणि कुर्ट्झमन बाहेर पडला. एल्डर, जॅक डेव्हिस हे हुकमी चित्रकारही त्याच्यामागं निघाले.

त्याच्या पाठीशी उभा राहिला 'प्लेबॉय'चा ह्यू हेफनर. जानेवारी १९५७ मध्ये नवं मासिक बाजारात आलं, नाव 'ट्रम्प'. म्हणजे पत्त्यातला हुकूम, आत्ताच्या ट्रम्पतात्यांशी काही संबंध नाही. गुळगुळीत कागद, रंगीत छपाई, किंमत ५० सेंट. सरळसरळ कमावत्या, मोठ्या वाचकांसाठी काढलेलं हे व्यंगचित्रांचं आणि विनोदाचं मासिक होतं.

पण नेमक्या तेव्हाच हेफनर पैशाच्या अडचणीत सापडला. दोन अंकांत 'ट्रम्प' बंद.

तरी गडी थांबला नाही.

या वेळी मालकच नको, असं ठरलं. चित्रकारांनी स्वतःच्या खिशातले पैसे घातले आणि ऑगस्ट १९५७ मध्ये 'हम्बग' सुरू केलं. सगळे भागीदार आणि सगळेच कामगार. पण अंक आकारानं लहान होता, स्टॉलवरच्या गर्दीत तो दिसायचाच नाही. ११ अंक निघाले आणि १९५८ मध्ये 'हम्बग' बुडालं. सोबत मित्रांची बचतही बुडाली.

१९५९ मध्ये त्यानं मोठ्यांसाठी कॉमिक्सचं एक अख्खं पुस्तक काढलं, 'जंगल बुक'. तेही खपलं नाही.

१९६० मध्ये चौथा डाव मांडला, 'हेल्प!'. बजेट इतकं कमी की चित्रांऐवजी फोटो काढून त्यावर संवादांचे फुगे चिकटवायचे. पण पैसा नसल्यामुळंच नवख्या पोरांना इथं दार उघडं राहिलं. पुढं स्त्रीवादी चळवळीचा चेहरा झालेल्या ग्लोरिया स्टायनम इथं कुर्ट्झमनच्या सहायक होत्या. त्यांच्यानंतर आला टेरी गिलियम. एका फोटोकथेसाठी जॉन क्लीज नावाचा इंग्रज नट बोलावला, तिथं गिलियमची आणि त्याची ओळख झाली. पुढं दोघं 'मॉन्टी पायथन'मध्ये एकत्र दिसले.

रॉबर्ट क्रम्ब या चित्रकाराचं कामही 'हेल्प!'मध्ये छापून आलं. तो नोकरीसाठी न्यूयॉर्कला आला, तेव्हा मासिक गुंडाळायची तयारी सुरू होती. १९६५ मध्ये २६ अंकांनंतर 'हेल्प!' थांबलं. तीन वर्षांनी याच क्रम्बचं 'झॅप कॉमिक्स' सॅन फ्रान्सिस्कोत आलं. ते आचारसंहितेला न जुमानणारं, फक्त मोठ्यांसाठीचं कॉमिक होतं आणि त्याच्यामागं अशा कॉमिक्सची रांगच लागली.

इकडं 'मॅड'चा खप सत्तरच्या दशकात २० लाखांवर गेला. त्या नफ्यातलं कुर्ट्झमनच्या हाती काही लागलं नाही. तो 'प्लेबॉय'मध्ये 'लिटल ॲनी फॅनी' ही चित्रमालिका करत राहिला. १९६२ पासून १९८८ पर्यंत ती चालली, घर तिच्यावर चाललं.

१९७३ पासून तो न्यूयॉर्कच्या 'स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्स'मध्ये शिकवू लागला. त्याला गुरू मानणाऱ्यांत आर्ट स्पीगलमन होता. स्पीगलमन आणि फ्रान्स्वाज मूली यांनी १९८० मध्ये मोठ्यांसाठी 'रॉ' हे कॉमिक्सचं मासिक सुरू केलं. त्यातूनच क्रमशः आलेल्या 'माऊस'ला १९९२ मध्ये पुलित्झर मिळालं. कॉमिक फक्त पोरांचं असतं हा वाद तिथं जवळपास संपला.

पुढच्याच वर्षी, २१ फेब्रुवारी १९९३ ला कुर्ट्झमन गेला. अमेरिकन कॉमिक्समध्ये दिले जाणारे 'हार्वी पुरस्कार' त्याच्याच नावाचे आहेत.