काळा पडदा, रुपेरी पडदा

विंडोजवर हात बसलेल्या माणसाला लिनक्सच्या टर्मिनलसमोर बसवलं की काय होतं, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. समोर काळा पडदा, त्यावर लुकलुकणारा कर्सर, आणि सी ड्राइव्हचा पत्ता नाही! मग शेजारच्याच्या जर्नलमधून कमांड उतरवायच्या, व्हायवापर्यंत पाठ ठेवायच्या आणि सबमिशन झालं की विसरून जायच्या. मित्रांनो, नवी सिस्टिम मुळापासून शिकायची म्हणजे काय करायचं, ते बघायला लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरला, ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून दादासाहेब सगळ्यांना माहीत आहेत. पण आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी त्यांच्याकडे एक विद्यार्थी म्हणून बघायला हवं.

१८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, फोटोग्राफी असं बरंच काही शिकले. पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, ती सोडून छपाईच्या धंद्यात पडले, आणि १९०९ मध्ये यंत्रसामग्रीसाठी थेट जर्मनीला जाऊन आले. पुढे भागीदारांशी पटेना, म्हणून चालता छापखाना सोडला. वय चाळिशीचं, घरात बायकामुलं आणि हातात काम नाही.

अशा दिवसांत, १९१०-११ च्या सुमारास, त्यांनी गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला. बाकीचे लोक पाहून घरी गेले. हे मात्र हलणारं चित्र बनतं कसं, या विचाराने झपाटले. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांनी नुसता 'युजर' राहायचं नाकारलं.

ना कोर्स, ना क्लास, ना सर. दादासाहेबांनी एक छोटा कॅमेरा आणि फिल्मची रिळं मिळवली. सिनेमाच्या तंत्रावरचं इंग्रजी पुस्तक मागवून वाचलं. दिवसा चित्रपट बघायचे, रात्री प्रयोग करायचे. झोप जेमतेम. शेवटी डोळ्यांनी दगा दिला आणि काही काळ दिसेनासं झालं. डॉक्टरी उपचारांनी दृष्टी परत आली, आणि हा माणूस पुन्हा त्याच कामाला लागला!

पुस्तकाने जिथवर नेलं तिथून पुढचं प्रत्यक्ष बघायला हवं होतं. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून त्यांनी कर्ज काढलं आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनची वाट धरली. तिथे ओळख ना पाळख. 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या कचेरीत जाऊन ते संपादकांना भेटले. संपादकांनी आधी हा नाद सोडायला सुचवलं, पण त्यांची तळमळ बघून निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थच्या स्टुडिओत त्यांनी चित्रीकरणापासून सगळी कामं जवळून पाहिली. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला आणि दोनच महिन्यांत परत आले. यंत्रं घरी पोचल्यावर सोबतच्या आकृतीवरून स्वतःच जोडली.

आता खरी गंमत. एवढा खर्च करून आलेल्या माणसाने लगेच मोठा चित्रपट काढायला घ्यावा ना? नाही. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर बीजाचं रोप जेमतेम मिनिटभरात वाढताना दिसलं. हा त्यांचा 'हॅलो वर्ल्ड'. काम छोटं, पण कॅमेरा, फिल्म, धुलाई, प्रक्षेपण अशी सगळी साखळी त्यात एकदा तपासून झाली. ते बघून पुढचं भांडवल देणारेही मिळाले.

सरस्वतीबाईंचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. त्यांनी दागिने दिलेच, शिवाय कच्च्या फिल्मला अंधारात भोकं पाडणं, फिल्म धुणं हेही त्या शिकल्या, आणि वर साऱ्या मंडळींचा स्वयंपाक! अशा घरच्या टीमवर 'राजा हरिश्चंद्र' तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये लागला. बाई काम करायला मिळेना, म्हणून तारामतीची भूमिका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी केली.

त्यानंतर दादासाहेबांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं. 'मोहिनी भस्मासुर', 'सत्यवान सावित्री' इथेच झाले. १९१७ चा 'लंका दहन' तुफान चालला. १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, तीही नाशिकला.

आणि मग सिस्टिमच बदलली. १९३१ मध्ये 'आलम आरा' आला आणि चित्रपट बोलू लागले. मूकपट म्हणून केलेल्या 'सेतुबंधन'ला नंतर आवाज जोडावा लागला. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट. तेव्हा वय सदुसष्ट, भांडवल दुसऱ्याचं, आणि तंत्रज्ञान पार पुढे गेलेलं. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच ते गेले. तोवर त्यांची फारशी कुणाला आठवण उरली नव्हती. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ साली सुरू झाला!

ज्याने सगळं मुळापासून शिकून घेतलं, त्यालाही नव्या सिस्टिमने मागे टाकलं, हे वाचून वाईट वाटतं. मग व्हायवापुरत्या पाठ केलेल्या चार कमांडच्या जोरावर आपण किती दिवस काढणार? म्हणून मुळं पकडा. फाइल, प्रोसेस आणि परमिशन म्हणजे काय, हे नीट कळलं की विंडोज असो वा लिनक्स, फार अडत नाही. कमांड अडली तर शेजाऱ्याच्या जर्नलऐवजी 'मॅन' कमांड देऊन तिचं मॅन्युअल उघडा. व्हर्च्युअल मशीनवर बिनधास्त तोडफोड करा, चुकलं तरी मूळ सिस्टिम सुरक्षित राहते. आणि आधी एक छोटी स्क्रिप्ट स्वतःच्या हाताने पूर्ण चालवून बघा. मोठं प्रोजेक्ट नंतर. तो तुमचा कुंडीतला वाटाणा!

पांडवलेणीच्या पायथ्याशी दादासाहेबांचं स्मारक आहे. आपण तिथे जातो, फोटो काढतो, परत येतो. पुढच्या वेळी गेलात तर चाळिशीत नोकरीधंदा नसताना कॅमेरा शिकायला बसलेला माणूसही आठवा. आपल्याला तर अजून विशीच चालू आहे.